तेत्सुझानच्या हृदयाचा तुकडा

१

हृदय निरोगी होतं, आणि सगळी गोम तिथेच होती.

सुमिए कुनीएडाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, चष्मा पांढऱ्या कोटाला पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. काचपट्टीवर गुलाबी तंतू पसरले होते. फांद्या फुटलेले, हातात हात घालून पुढे गेलेले, प्रत्येकाच्या पोटात मधोमध एक निळा ठिपका. हृदयाचे स्नायू असेच असतात. दंडाचे स्नायू बिचारे सरळ रांगेत उभे राहून हुकुमाची वाट बघतात. हे मात्र एकमेकांना धरून असतात. एकाने ठोका घेतला की सगळे घेतात. सुरेख, तरणंताठं हृदय होतं. पुस्तकात छापावं असं.

पण तेत्सुझानचं हृदय असं नव्हतं. ते तिने स्वतःच्या हाताने कापलं होतं.

तेत्सुझान म्हणजे ओढीच्या शर्यतीतला पाच वर्षांचा घोडा, टनभर वजनाचा. ओतोबेत्सुच्या मैदानावर गेल्या रविवारी लोखंडी घसरगाडी ओढताना वाळूच्या दुसऱ्या चढावर तो गुडघ्यांवर बसला, तो परत उठलाच नाही. त्याच संध्याकाळी त्याला विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागात आणलं. सुमिएने छाती उघडली, तेव्हा हृदयाच्या डाव्या भिंतीत पांढरे पट्टे दिसले. मेलेल्या स्नायूच्या जागी भरलेली संयोजी ऊती. ही ऊती भिंत धरून ठेवते, पण ठोक्याला आकसत नाही. म्हणजे घोडा कित्येक महिने अर्ध्या हृदयावर शर्यती ओढत होता.

मालक कानेसाका मात्र सांगत सुटला होता की गाडीवान साकाझुमेने लगामाच्या टोकांनी झोडपून घोडा मारला. शनिवारी दुपारी शर्यत मंडळाची बैठक होती. हृदय निरोगी ठरलं की साकाझुमेचा परवाना जन्मभरासाठी जाणार होता.

दार वाजलं. विभागप्रमुख तोकोरो आत आले. हातात टंकलेला अहवाल.

"कुनीएडाबाई, काचपट्ट्या पाहिल्यात ना? झकास. 'हृदय निरोगी' असं लिहिलंय. तुमचा शिक्का तेवढा मारा."

"नाही मारत."

"का?"

"कारण मी आंधळी नाही, सर. मला ते हृदय पुन्हा बघायचंय. बरणीतलं. पूर्ण."

तोकोरोंनी खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या अंगणातल्या भट्टीच्या धुराड्यावर अजून काजळी ताजी होती.

"बरणी रिकामी झाली," ते म्हणाले.

२

आता यात तोकोरोंचा दोष किती, हे सुमिएला ठरवता येईना. प्रयोगात आणि शिकवण्यात कामी आलेल्या जनावरांचा स्मरणविधी विभागात दर शरद ऋतूत होतो. मागे एक दगड आहे, त्याच्यासमोर शेवंती वाहायची, गाजरं ठेवायची, सगळ्यांनी वाकायचं. त्याआधी वर्षभराच्या बरण्या रिकाम्या करून सगळं भट्टीत द्यायचं. इथून शिकून गेलेले जुने विद्यार्थी बादल्या उचलायला येतात, तो मान त्यांचा. मंगळवारी ते आले होते.

"पण नवीन बरणीला हात लावायचा नाही, हा नियम आहे ना?"

"चुकून गेली असेल. एवढ्या बरण्या. आणि नियमांचं तुम्ही बोलूच नका," तोकोरोंचा आवाज चढला. "हृदयाचा पहिला तुकडा कुठून घ्यायचा? महाधमनी निघते तिथून, झडपांच्या मुळाशी. या विभागात पन्नास वर्षं हेच चालत आलंय. इथला विद्यार्थी झोपेतसुद्धा तिथेच पातं लावेल. तुम्ही खुशाल डाव्या भिंतीतून घेतलात!"

"पांढरे पट्टे तिथे होते म्हणून."

"सोमवारी बोललोच आहे मी त्यावर."

बोलले होते म्हणजे काय, कडाडले होते. त्यांचा आवाज मजल्यावरच्या सशांनीही ऐकला असेल.

"आपली नवी इमारत कानेसाकांच्या वर्गणीतून उभी राहतेय," ते जरा मऊ होऊन म्हणाले. "मी खोटं लिहा म्हणत नाही. काचपट्टीत दिसतं तेच लिहा म्हणतोय. उद्या विधी झाला की शिक्का मारा. नाहीतर तुमच्याऐवजी तो माकिहारा मारेल, आणि तुम्हाला माफीनामा लिहावा लागेल."

"माफीनामा कशाचा?"

"सगळ्यांना त्रास दिल्याचा."

सुमिए तडक बाहेर पडली. जिन्याच्या तळाशी साकाझुमे उभा होता. पन्नाशीचा, बुटका, चौकोनी माणूस. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गाजरं.

"उद्याच्या विधीला," तो म्हणाला. "आत येऊ देतील का मला? बाहेर सगळे घोडामाऱ्या म्हणतात."

"तुम्ही मारलंत त्याला?"

"बाई, लगाम मारलाच. चढावर सगळेच मारतात, नाही म्हणणार नाही. पण त्या दिवशी तो आधीच थांबत होता. दोन पावलं, की थांबला. मी मालकाला महिनाभर सांगतोय, घोड्याचा दम बरोबर नाही. ते म्हणाले, डॉक्टर उगाजिन सुई देतात, ठीक आहे तो." त्याने नाक ओढलं. "बारा वर्षांचा होतो तेव्हापासून घोडा हाकतोय. दुसरं काही येत नाही मला. परवाना गेला तर बीट उपटायला जाईन, पोट भरेल. पण मी त्याला मारलं असं लिहून मी कुठेच जाणार नाही."

"मग जाऊ नका," सुमिए म्हणाली. "उद्या या. गाजरं घेऊन पुढच्या रांगेत उभे राहा."

बोलून तर बसली. आता पुढे काय, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

३

माकिहारा सापडला चहाच्या खोलीत. सप्पोरोत शिकून आलेला, कडक इस्त्रीचा, चोवीस तास प्रमुखांच्या मर्जीत राहणारा सहायक. त्या संध्याकाळी ताट धरून तोच सुमिएशेजारी उभा होता. तिने भिंतीतून तुकडा कापला तेव्हा "बाई, इथला नियम..." असं कुजबुजलाही होता.

"पांढरे पट्टे तू पाहिलेस," ती म्हणाली.

"दिव्याचा उजेड कमी होता, बाई. चरबी असेल."

"चरबी! अरे, चरबीला सुरी लागली की ती घसरते. ते करकरत होतं. तूही ऐकलंस."

माकिहाराने कपात पाहिलं.

"पहिल्या तुकड्याची बाटली, नंबर एक, माझ्याकडून तुझ्याकडे आली. नंतर कुठे होती?"

"फडताळात. बुधवारी हामुरोकाकूंनी घेतली."

"मधे कोणी हात लावला?"

"सगळे येतात जातात. मंगळवारी तर जुने विद्यार्थी आले होते. उगाजिनसरांनी लाल डाळीच्या गोड वड्या आणल्या होत्या, आम्ही सगळे इथेच बसलो होतो."

"सगळे?"

"उगाजिनसर नव्हते. ते म्हणाले, तुम्ही खा, बरण्यांचं मी बघतो." मग तो एकदम सावध झाला. "पण ते मदतच करत होते, बाई! ते या विभागाचे ज्येष्ठ आहेत."

उगाजिन. कानेसाकाच्या तबेल्याचा डॉक्टर. शिकताना सुमिएच्या दोन वर्षं पुढे होता, परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या ऊती तिच्याकडून घोकून घेतलेला. तिने त्याला कायम दादा म्हटलं होतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. तुकडा बदलायला माकिहारालाही वाव होता, आणि तोकोरोंच्या तर खिशात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कोणीतरी भांडं आपटल्यासारखा आवाज आला.

४

हामुरोकाकूंनी पेटी आपटली होती. मेणाच्या वडीत बसवलेल्या ऊतीचे पापुद्र्याएवढे काप काढायचं काम त्यांचं. यंत्राचं पातं त्या स्वतः धार लावून ठेवत. दुसऱ्याने त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

"तो तुमचा इस्त्रीवाला! माझ्या पात्यावर सॉसेज कापलंय त्याने, नाहीतर खिळे! बघा, बघा ही धार!"

सुमिएने पातं उजेडात धरलं. धारेला बारीकशी खाच पडली होती.

"कधी झालं?"

"बुधवारी. त्या घोड्याचे काप काढताना. सुरुवातीचे छान आले आणि मग सगळ्यांवर आडवा चरा. फाटले. फेकून दिले. चांगले तेवढे तुम्हाला दिले."

सुमिए थबकली. "काकू, खाच आधी पडली की चरा आधी आला?"

"म्हणजे?"

"सुरुवातीचे काप छान आले, म्हणजे तेव्हा पातं धड होतं. मग माकिहाराने काही कापलेलं नाही. खाच त्या वडीतच पडली. हृदयातलं काहीतरी कठीण पात्याला लागलं."

"हृदयात कठीण काय असायचंय? ती काय भाकरी आहे खडा लागायला?"

"तेच तर बघायचंय. वडी आहे ना अजून? दुसरं पातं काढा."

"पुन्हा खाच पाडायला? मुळीच नाही."

"काकू, एका माणसाचं आयुष्य आहे त्या वडीत."

काकूंनी कपाटातून सगळ्यांत जुनं पातं काढलं. "हे गेलं तर चालेल. सासूसारखं झालंय."

काप फाटकेच आले. पण रंगवून झाल्यावर त्यांतला एक बऱ्यापैकी पसरला. सुमिएने डोळा लावला. एका कडेला तेच गुलाबी, हातात हात घातलेले तंतू. मधे जाड दोरखंडांसारखी तंतुमय ऊती, झडपांना आधार देणारी. आणि त्यात रुतलेला एक चुरा. एका बारीक नळीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळं, त्यांत काळपट खिडक्या, खिडक्यांतून फुटलेले केसांएवढे पाय.

तिने खुर्ची मागे सारली आणि मोठ्याने हसली. हामुरोकाकू घाबरल्या.

"काकू, उद्या विधीला सूक्ष्मदर्शक अंगणात न्यायचा. उचलायला मदत कराल?"

"आणि प्रमुख?"

"ते येतीलच. त्यांचाच कार्यक्रम आहे."

५

सकाळी दगडासमोर शेवंतीचा ढीग लागला होता. विद्यार्थी काळ्या कपड्यांत, जुने विद्यार्थी डाव्या बाजूला, कानेसाका पाहुण्यांच्या खुर्चीत. पुढच्या रांगेत गाजरं घेतलेला साकाझुमे. त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी उभं राहायला तयार नव्हतं, तेव्हा हामुरोकाकू जाऊन उभ्या राहिल्या.

तोकोरोंनी जनावरांची संख्या वाचून दाखवली, सगळे वाकले. मग त्यांनी खिशातून अहवाल काढून सुमिएपुढे धरला.

"शिक्का."

"एक मिनिट, सर. उगाजिनदादा, जरा इकडे येता? एक काचपट्टी वाचायची आहे. तुम्ही आमच्यातले ज्येष्ठ."

उगाजिन हसत पुढे आला. देखणा, केस पिकलेला माणूस. "सुमिए, अजून परीक्षा घेतेस का माझी? कशाची आहे?"

"तेत्सुझानची. बाटली नंबर एक. हा मधला चुरा काय आहे, तेवढं सांगा."

तो वाकला. त्याने सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू जरा फिरवला. "फाटलाय काप... पण हे सोपं आहे. महाधमनीच्या मुळाची कूर्चा. घोड्याच्या हृदयात तिथे असतेच. सुरी लावली की किंचित करकरते."

"महाधमनीच्या मुळाची?"

"अर्थात. पहिला तुकडा तिथलाच घेतात. विसरलीस?"

तोकोरोंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"मी विसरले नव्हते, दादा. मी नियम मोडला होता," सुमिए म्हणाली. "बाटली नंबर एकमध्ये मी डाव्या भिंतीचा तुकडा टाकला होता. माकिहारा ताट धरून उभा होता, त्याला माहीत आहे. सरांनी त्यावरून माझी अशी खरडपट्टी काढली की अख्ख्या मजल्याला कळलं. इथे काम करणारा कोणीही तुकडा बदलता, तर भिंतीचाच घालता. झडपांच्या मुळाचा घालेल तो असा माणूस, ज्याला आमचा जुना नियम पाठ आहे आणि सोमवारची बोलणी ठाऊक नाहीत. इथे शिकलेला, पण आता बाहेरचा. मंगळवारी आलेला."

"वेडेपणा आहे हा," उगाजिन म्हणाला, पण हसू गेलं होतं. "बाटली चुकून दुसऱ्या घोड्याची आली असेल."

"घोड्याची? पुन्हा बघा ना. कूर्चा कशी असते? काचेसारखी नितळ जमीन, तीत जोडीजोडीने बसलेल्या पेशी, रक्तवाहिनी एकही नाही. म्हणून ती वाकते आणि पात्याला सोडून देते. इथे मधून रक्तवाहिनीची नळी गेलीय. भोवती वर्तुळं आहेत. पात्याला खाच पडलीय. हे हाड आहे, दादा."

तोकोरो पुढे आले, उगाजिनला बाजूला सारून वाकले. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "हाड आहे," ते म्हणाले.

"म्हाताऱ्या घोड्यांची कूर्चा कठीण होते!"

"तेत्सुझान पाच वर्षांचा होता. हृदयात हाड घेऊन फिरतं कोण, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारा."

मागून कुठल्याशा विद्यार्थिनीने बोलून टाकलं, "गाय."

"गाय," सुमिए म्हणाली. "आणि या मजल्यावर महिनाभरात गायीचं हृदय आलेलं नाही. पण बाजारातल्या कुठल्याही कोळशाच्या शेगडीवर मिळतं ते, भाजायला. कच्चं मागितलं तरी देतात. घोड्याचं मागितलं असतंत तर गावभर झालं असतं. वीस वर्षं तुम्ही फक्त घोडे कापलेत. सुरी करकरली, तुम्हाला वाटलं नेहमीची कूर्चा. आमच्या नियमाप्रमाणे नेमका तुकडा कापलात, दादा. कोणी गावठी चोर असता तर कुठूनही कापता आणि सुटता."

कानेसाका उठला. "ही बाई काय बरळतेय? तोकोरोसाहेब, इमारतीचा विचार करा."

"बसा खाली!" हा आवाज माकिहाराचा होता. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं असावं, कारण कान लाल झाले. "मी पण पाहिले पांढरे पट्टे. चरबी नव्हती. मी खोटं बोललो."

उगाजिनने सगळ्यांकडे पाहिलं, मग साकाझुमेकडे. "मोठी शर्यत तोंडावर होती," तो शेवटी म्हणाला. "ठोके चुकतात हे मला उन्हाळ्यापासून माहीत होतं. सुईने दोन महिने निघतील असं वाटलं होतं. बाहेर आलं असतं तर माझा दवाखाना संपला असता."

"आणि माझं काय संपत होतं?" साकाझुमेने विचारलं.



तोकोरोंनी अहवाल मधोमध फाडला. मग अगदी हळू म्हणाले, "कुनीएडाबाई, 'नमुना बाद' एवढंच लिहू या? परवाना वाचेल. विभागाचं नाव वाचेल. घोड्याचं हृदय तर राहिलेलं नाही."

"माझे डोळे राहिलेत. मी पाहिलं ते मी लिहिणार. कोणी काय बदललं, तेही. तुम्हाला हवा असेल तर खाली तुमचा शिक्का मारा, नको असेल तर माझा एकटीचा पुरे."

ती तिथेच, दगडाच्या पायरीवर बसून लिहायला लागली. मग तोकोरोंनी खिसे चाचपले आणि आपला शिक्का शोधायला लागले.

६

साकाझुमेचा परवाना वाचला. बैठक फार चालली नाही. कानेसाकाने तबेल्याची पत राखायला त्याला लगेच नवा घोडा देऊ केला. लोकांना वाटलं, प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मैदानावर शर्यतीचा बिगूल वाजला आणि एकही घसरगाडी पुढे सरकली नाही. साकाझुमेचा नवा घोडा तपासावा म्हणून सुमिए नळी गळ्यात अडकवून पोचली तेव्हा गाडीवान आपापल्या घोड्यांपुढे हाताची घडी घालून उभे होते, सगळ्यांत पुढे साकाझुमे. साज जमिनीवर पडले होते.

"हे काय चालवलंय?" कानेसाका ओरडत होता. "तुला परत घेतलं ना मी!"

"घेतलंत," साकाझुमे शांतपणे म्हणाला. "पण घोडा आतून कसा आहे ते मला दिसत नाही. बाईंना कळतं. त्यांनी छातीला नळी लावली, हो म्हणाल्या, की जुंपतो. नाहीतर आज कोणी हाकणार नाही."

"प्रत्येक घोड्याला? संध्याकाळ होईल!"

"होऊ द्या."

सुमिएने गळ्यातली नळी काढली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, मंडळाने तर नाहीच. आता तिचा पगार कापतील की नोकरीवरूनच काढतील, तेही ठाऊक नव्हतं. ती पहिल्या घोड्याच्या पुढच्या पायामागे वाकली, घामट केसांवर नळी टेकवली आणि डोळे मिटले. डोक्यावरचा भोंगा खरखरला. गाडीवानांनी ताबडतोब घोडे जुंपावेत, अन्यथा कारवाई होईल. मग पुन्हा तेच, आणखी मोठ्याने.

सुमिएने डोळे न उघडता हात वर केला.

"त्या भोंग्याला गप्प करा कोणीतरी," ती म्हणाली. "मला इथलं ऐकू येत नाहीये."